इम्युनिटी वाढवून अल्झायमर बरा होत नाही

‘अल्झायमर म्हणजे मेंदूची कमी पडलेली प्रतिकारशक्ती, काढा घ्या, डोनेपेझिल (या आजारात स्मरणशक्तीसाठी देतात ती गोळी) बंद करा’ हा मेसेज चुकीचा, आणि रुग्णाला घातकही आहे. या आजारात मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, उलट सतत चेतलेल्या असतात, रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा झिरपू लागतो. २०२० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांना रुग्णांच्या मेंदू-मज्जाद्रवात (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) एकाच पेशीपासून वाढलेले सीडी८ टी पेशींचे, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या मारेकरी पेशींचे, गट आढळले. म्हणजे इथे प्रतिकारशक्ती झोपलेली नसते.

मेंदूत साचलेलं अमायलॉइड हे प्रथिन काढण्यासाठी प्रतिकारशक्तीला मुद्दाम कामाला लावणारं लेकानेमॅब हे औषधसुद्धा जपून देतात: वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, मध्ये एमआरआय काढून. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतलं अमायलॉइड निघताना मेंदूला सूज येऊ शकते, रक्तस्रावही होऊ शकतो.

डोनेपेझिल अचानक थांबवल्यास गोंधळ, विस्मरण वाढू शकतं. न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.