थोराड तांबोशी मारल्याने काही बिघडत नाही? बिघडतं

पावसाळी बंदी उठली, होड्या बाहेर पडल्या, की मोठमोठ्या तांबोशींचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. खाली मजकूर ठरलेला: "मोठी तांबोशी म्हातारी असते, तिची अंडी घालायची वर्षं सरलेली असतात. उलट ती लहान मासळी फस्त करते. बारीक सोडा, थोराड बिनधास्त मारा. तांबोशी खाडीतच वाढते, खाडीतच अंडी घालते, आणि एकेक मादी लाखोंनी घालते. ती संपायची नाही."

यातल्या सल्ल्यांपैकी "बारीक सोडा" तेवढा बरोबर आहे.

आधी म्हातारपणाचं बघू. माशाच्या कानात चुन्याचा एक खडा असतो. तो कापला की झाडाच्या बुंध्यासारखी वर्षावर्षाची वलयं मोजता येतात. आपल्या खाडीत मिळणारी तांबोशी, म्हणजे लुट्जॅनस अर्जेन्टिमॅक्युलॅटस, ऑस्ट्रेलियात अशी मोजली तेव्हा तिशी ओलांडलेले मासे सापडले. तिथल्या मादीला अंडी धरायलाच साधारण अर्धा मीटर लांबी गाठावी लागते. म्हणजे फोटोतला मासा बहुतेक वेळा नुकताच कामाला लागलेला असतो. आणि अंडी घालणं पुढेही थांबत नाही, वाढतच जातं. मेक्सिकोच्या आखातातल्या तिच्या भावकीतल्या लाल स्नॅपरचा हिशोब प्रसिद्ध आहे: 61 सेंटीमीटरच्या एका मादीच्या पोटात सुमारे 93 लाख अंडी, म्हणजे 42 सेंटीमीटरच्या 212 माद्यांइतकी. लांबी दीडपटही नाही, आणि अंडी दोनशेपटीहून जास्त! 2018 साली 'सायन्स' नियतकालिकात 342 जातींच्या समुद्री माशांचा अभ्यास आला, त्यातही बहुतेक जातींत हाच कल दिसला. मादीचं वजन दुप्पट झालं की अंडी दुपटीहून जास्त होतात.

खाडीबद्दलचं म्हणणं अर्धवट आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. खाडीत, कांदळवनाच्या मुळांत दिसतात ती तिची पोरं. काही तर पार गोड्या पाण्यापर्यंत चढतात. मोठी झाली की ती बाहेर पडतात, खोल खडपांवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकांवर, जातात आणि अंडी तिथे, उघड्या समुद्रात सोडतात. अंडी तरंगतात, साधारण दिवसभरात फुटतात, आणि बारीक पिल्लं काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहून पुन्हा खाडीच्या तोंडाशी येतात. त्यामुळे खाडी भरलेली दिसली म्हणून बाहेरचा साठा शाबूत आहे असं मानता येत नाही. आजची पोरं काही वर्षांपूर्वी वाचलेल्या माद्यांची आहेत. कांदळवन तोडलं तर पोरांना घर नाही, खडपावरच्या माद्या संपवल्या तर घर आहे पण पोरं नाहीत.

"लाखो अंडी" हे खरं आहे. पण एवढी अंडी घालावी लागतात, कारण जवळजवळ सगळी खाल्ली जातात किंवा भरकटतात. काही हंगाम तर पूर्ण वाया जातात. दीर्घ आयुष्य असतं ते त्याचसाठी: एखादं साल फुकट गेलं तरी मादीच्या हाती पुढची वर्षं उरतात. आपण ती वर्षंच काढून घेतो.

लहान मासळी फस्त करण्याबद्दल फार बोलायला नको. ती खेकडे, कोळंबी, मासे खाते, आणि हजारो वर्षं खात आली तरी मासळी होतीच.

"मोठी लागली तर सोडून देऊ" असं म्हणणारेही भेटतात. भावना चांगली आहे, पण वीस वाव (सुमारे 36 मीटर) खोलीवरून वर ओढताना दाब एक चतुर्थांशाहूनही कमी होतो. पोटातली हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं, आणि सोडलेला मासा पाण्यावर उलटा तरंगत राहतो. तसा तरंगणारा मासा घारींनी टिपावा म्हणून सोडण्यात अर्थ नाही. खोल खडपावर घरापुरत्या एक-दोन मिळाल्या की गरी गुंडाळावी आणि होडी दुसरीकडे न्यावी.