पहिल्या सामन्याला आलेला माणूस दुसऱ्याला का येत नाही?

विषय निघाला तो रिकाम्या बाकांवरून. फायनलला मैदानाभोवती माणसांची भिंत आणि पुढच्याच आठवड्यातल्या साध्या सामन्याला राखीव खेळाडू नि त्यांचे आईवडील. कट्ट्यावर चौघे होते. एक क्लबचा सेक्रेटरी, दुसरे कोच, तिसरा स्कोअरर आणि चौथा कुठल्याच क्लबचा नसलेला, निव्वळ प्रेक्षक.

सेक्रेटरीनं पहिलं बोट टीव्हीकडे दाखवलं. "घरबसल्या जगातला सर्वोत्तम खेळ दिसतो. आमची पोरं बघायला कोण उठून येणार?"

"कारण खरं आहे, पण अर्धं," कोच म्हणाले. "इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. 1960च्या दशकापासून हे चालत आलंय, खालच्या डिव्हिजनच्या क्लबांचं गेट, म्हणजे तिकिटाचं उत्पन्न, टिकावं म्हणून. पण त्यांना हे जमतं कारण तिथे शनिवारी तीन वाजता सामना हे ठरलेलं आहे. आपल्याकडे वाचवायला ठरलेली वेळ आहे कुठे?"

यावर सेक्रेटरी थोडा चिडला. वेळापत्रक असतंच की, बाद फेरीच्या प्रत्येक स्पर्धेचं छापतो आपण.

"तिथेच तर घोळ आहे," स्कोअरर म्हणाला. "सोळा संघांची बाद फेरी घे. सामने पंधरा. आठ संघ पहिल्याच सामन्यात घरी जातात. त्या आठ संघांच्या पाठीराख्यांना आपला संघ पुन्हा कधी दिसणार, हे संघालाही ठाऊक नसतं. त्याऐवजी आठच संघांची साखळी घे. प्रत्येकाचे एकमेकांशी दोन सामने, एक आपल्या मैदानावर, एक त्यांच्या. प्रत्येक संघाला चौदा सामने, त्यातले सात घरचे. हरला तरी पंधरा दिवसांनी, त्याच जागी, त्याच वेळी तो पुन्हा दिसतो. माणसाला सवय लागायला एवढं तरी हवं ना?"

कोचनी लगेच दुजोरा दिला. फुटबॉलची पहिली लीग निघाली तीच मुळी याच अडचणीतून. 1885 साली इंग्लंडमध्ये खेळाडूंना पगार देणं अधिकृत झालं. पगार दर आठवड्याला, पण गेटचे पैसे मात्र बेभरवशाचे, कारण मैत्रीपूर्ण सामने आयत्या वेळी रद्द व्हायचे आणि कपच्या लढती कधी एकतर्फी व्हायच्या, कधी संघ लवकरच बाद व्हायचा. अ‍ॅस्टन व्हिला या क्लबच्या विल्यम मॅकग्रेगर यांनी मार्च 1888 मध्ये इतर क्लबांना पत्रं धाडली की आधी ठरलेले, न चुकणारे घरचे-बाहेरचे सामने खेळू या. त्याच सप्टेंबरात बारा क्लबांची लीग सुरू झाली, प्रत्येकी बावीस सामने. "प्रेक्षक हवा तर तारीख पाळा, एवढंच ते सूत्र होतं," कोच म्हणाले.

"पण सर, खेळच सुमार असेल तर तारीख पाळून काय उपयोग?" सेक्रेटरी हटेना.

इथे वाद रंगला. कोचनी इंग्लंडमधल्या एएफसी विम्बल्डन या क्लबचं नाव काढलं. 2002 मध्ये मूळ विम्बल्डन क्लब दुसऱ्या शहरात हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा पाठीराख्यांनी नवा क्लब काढला आणि तो अगदी खालच्या प्रादेशिक लीगमध्ये उतरवला. पहिल्याच मोसमात घरच्या सामन्यांना सरासरी तीन हजारांच्या वर माणसं येत होती. नऊ वर्षांत पाच पायऱ्या चढून 2011 मध्ये तो वरच्या, व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोहोचला.

"ते आधीपासूनचे पाठीराखे होते. आमच्याकडे आधीचं कोणी नाही," सेक्रेटरी म्हणाला, आणि मुद्दा बिनतोड होता. विम्बल्डनवरून एवढंच कळतं की जोडलेला माणूस खेळाचा दर्जा घसरला म्हणून जात नाही. तो जोडायचा कसा, हे त्यातून कळत नाही.

कोल्हापूरचं फुटबॉल मात्र काहीतरी सांगतं. तिथले संघ तालमींचे आणि पेठांचे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं उच्चारली की माणूस कुठल्या गल्लीतला हे कळतं, आणि शाहू स्टेडियम त्यासाठीच भरतं. "आपण मात्र निवड चाचणीत चार गावची पोरं घेतो आणि दरवर्षी निम्मा संघ बदलतो," कोच म्हणाले. "जर्सीचा नंबरही सामन्यागणिक वेगळा. अकरांत चारपाच जण तरी सलग तीन मोसम तेच ठेवा, नंबर कायम ठेवा. ओळख चेहऱ्याशी होते."

इतका वेळ गप्प असलेला प्रेक्षक आता बोलला. त्याचं म्हणणं अगदी साधं होतं.

"तुमचा स्कोअरबोर्ड कुठे असतो, सांगू? पंचांच्या टेबलावर, आकड्यांच्या पाट्या उलटायचा तो छोटा बोर्ड, आणि त्याचं तोंड पदाधिकाऱ्यांकडे. समोर बसलेल्याला दिसते ती बोर्डाची पाठ. मग आम्ही शेजाऱ्याला विचारतो, किती झाले रे? त्यालाही माहीत नसतं. बाक मांडता पूर्वेच्या बाजूला, म्हणजे संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यांत. पश्चिमेला मांडा, ऊन पाठीला येईल. साडेचारचा सामना पाहुण्यांच्या भाषणामुळे सव्वापाचला सुरू होतो. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, म्हणजे अर्धं घर आधीच वजा. आणि माइकवर आभार चालू असतात, गोल कोणी केला हे कोणी सांगत नाही."

स्कोअररनं तिथल्या तिथे कबूल केलं की बोर्ड फिरवायला पैसा लागत नाही.

मग मोजणीचा विषय आला. सेक्रेटरी फायनलची गर्दी सांगतो, पण त्या आकड्यात खेळाडूंचे घरचे किती, हे कुणी बघत नाही. पोरगा संघ सोडतो, घरचेही जातात. स्कोअररनं उपाय सुचवला. गेटवर प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारायचे, खेळाडूच्या घरचे आहात का आणि या मोसमात आधी आला होता का. दोन रकाने, रेघा मारायच्या. समजा पहिल्या सामन्याला शंभर बाहेरचे आले आणि दुसऱ्याला त्यांतले वीस परतले, तर काम त्या ऐंशी जणांवर करायचं, नव्या पोस्टरवर नाही. घरच्या सातही सामन्यांचा एकच पास मोसमाआधी विकायचा, म्हणजे दोन पराभवांनंतरही माणूस यायला बघतो. निकाल आणि पुढची तारीख त्याच रात्री पोहोचवायची. तीन दिवसांनी कळलेला निकाल शिळा.

एका गोष्टीवर मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. कोच म्हणत होते, पाहुणे आले नाहीत तरी साडेचारच्या ठोक्याला शिट्टी वाजलीच पाहिजे. सेक्रेटरीचं म्हणणं, देणगीदार त्या पाहुण्यांमुळे येतात, त्यांना दुखवून मैदानाचं भाडं कुठून भरू? भाषण मध्यंतरात ठेवा, असं प्रेक्षकानं सुचवलं. पाच मिनिटांत आटपणार असेल तर, कोच म्हणाले. सेक्रेटरी पाहुण्यांशी बोलून बघणार आहे.