सत्याग्रह की बंदूक? आधी इंडोनेशिया बघा

स्वातंत्र्य सत्याग्रहाने मिळालं की शस्त्राने, हा वाद आपल्याकडे दर ऑगस्टमध्ये पेटतो. वाद घालणाऱ्यांनी इंडोनेशियाची १९४५ ते १९४९ ही वर्षं एकदा नीट वाचावीत, असं मला मनापासून वाटतं. तिथे लढणारे आणि वाटाघाटी करणारे एकमेकांवर जळत होते, तरी डच गेले ते दोघांमुळे.

इंडोनेशिया ही डचांची वसाहत, दुसऱ्या महायुद्धात जपानने बळकावलेली. जपानने १५ ऑगस्ट १९४५ ला शरणागती जाहीर केली. १७ तारखेला राष्ट्रवादी नेते सुकार्णो आणि हट्टांनी जाकार्तात स्वातंत्र्याची दोन वाक्यांची घोषणा केली. खरं काम झालं पुढच्या सहा आठवड्यांत. डचांकडे तिथे सैन्य नव्हतं आणि मित्रराष्ट्रांतर्फे ताबा घ्यायला येणाऱ्या ब्रिटिश तुकड्या पोचल्या सप्टेंबरच्या अखेरीस. तेवढ्यात जावा या मुख्य बेटावरच्या तरुणांनी ठिकठिकाणी जपान्यांची शस्त्रं, रेल्वे, रेडिओ केंद्रं आणि सरकारी कचेऱ्या ताब्यात घेतल्या. रिकामी झालेली सत्ता आधी कोण उचलतो, यावर बरंच ठरतं.

पूर्व जावातल्या सुराबाया बंदरात तर जपानी शस्त्रांचा मोठा साठा हाती लागला. २५ ऑक्टोबरला तिथे ब्रिटिशांची ४९ वी हिंदी ब्रिगेड उतरली, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. तिचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबींनी स्थानिक नेत्यांशी समझोता केला होता. २७ तारखेला मात्र विमानातून पत्रकं पडली: ४८ तासांत शस्त्रं टाका. वरिष्ठांनी खालच्याचा शब्द मोडला आणि लोकांना ती फसवणूक वाटली. ब्रिगेड शहरभर लहान लहान ठाण्यांवर विखुरलेली होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी हल्ला झाल्यावर एकाला दुसऱ्याची मदत पोचेना. ३० तारखेला मॅलबी मारले गेले. १० नोव्हेंबरपासून ५ व्या हिंदी डिव्हिजनने रणगाडे, विमानं आणि युद्धनौकांच्या तोफा लावून शहर घेतलं. त्याला तीन आठवडे लागले. इंडोनेशियात १० नोव्हेंबर आजही वीरदिन म्हणून पाळतात. आपली माणसं तिथे दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी मेली, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत का नसावं?

सुराबाया इंडोनेशियन हरले, पण ब्रिटिशांना अंदाज आला. हिंदी सैनिक वापरून जावा परत जिंकून देणं दिल्लीतल्या राजकारणाला पेलणारं नव्हतं. त्यांनी डचांना बोलणी करायला लावली आणि नोव्हेंबर १९४६ च्या अखेरीस काढता पाय घेतला. या बोलण्यांतून झालेल्या लिंगजाती कराराने जावा, मदुरा आणि सुमात्रा या बेटांवर सुकार्णोंच्या प्रजासत्ताकाचा प्रत्यक्ष ताबा डचांना मान्य करावा लागला.

तिकडे ऑस्ट्रेलियातल्या गोदी कामगारांनी १९४५ पासूनच डच जहाजं भरायला नकार दिला होता, आणि हिंदी खलाशीही त्यात उतरले होते. प्रजासत्ताकाचे पंतप्रधान शाहरीर यांनी १९४६ मध्ये धान्यटंचाईतल्या भारताला पाच लाख टन तांदूळ देऊ केला. डचांची नाकेबंदी असताना हे करणं म्हणजे आम्ही सरकार आहोत हे जगाला दाखवणं होतं. मला ही चाल फार हुशारीची वाटते.

२१ जुलै १९४७ ला डचांनी हल्ला केला. नाव 'पोलीस कारवाई', डोळा मात्र मळे, साखर आणि तेलावर. भारत आणि ऑस्ट्रेलियाने प्रकरण सुरक्षा परिषदेत नेलं. जानेवारी १९४८ च्या रेनव्हिल कराराने प्रजासत्ताकाला आपली सिलिवांगी ही लष्करी डिव्हिजन पश्चिम जावातून मागे घ्यावी लागली. सैनिकांच्या लेखी ही शरणागती होती, आणि त्यांचा संताप मला समजतो. पण संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालचा करार आपण पाळला, ही नोंद पुढे कामी आली.

कारण १९ डिसेंबर १९४८ ला डचांनीच तो मोडला. प्रजासत्ताकाची तेव्हाची राजधानी योग्यकार्ता घेतली, सुकार्णो आणि हट्टांना कैद केलं. त्यांना वाटलं, डोकं कापलं की धड पडेल. पण सुमात्रात शाफ्रुद्दीन प्रवीरनगारांचं हंगामी सरकार उभं राहिलं. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालेले सेनापती जनरल सुदिरमान डोलीत बसून डोंगरांतून गनिमी युद्ध चालवत राहिले. १ मार्च १९४९ ला गनिमांनी योग्यकार्ता सहा तास ताब्यात ठेवलं. शहरं आणि हमरस्ते डचांचे, बाकी मुलूख त्यांच्या हाताबाहेर. मळ्यांतून उत्पन्न नाही आणि लाखभर सैन्याचा खर्च चालूच.

इथेच दोन्ही वाटा जुळल्या. हल्ल्यानंतर तीनच दिवसांत अमेरिकेने डच ईस्ट इंडीजसाठीची (म्हणजे इंडोनेशियासाठीची) मार्शल मदत, युद्धोत्तर उभारणीचा निधी, थांबवली. भारताने डच विमानांना आकाश बंद केलं, जानेवारीत नेहरूंनी दिल्लीत आशियाई परिषद बोलावली. अमेरिका काही तत्त्वासाठी वळली नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्ये पूर्व जावातल्या मादियूनचा कम्युनिस्ट उठाव प्रजासत्ताकाने स्वतः रक्तपात करून चिरडला, तेव्हा वॉशिंग्टनला हे सरकार 'आपलं' वाटू लागलं. ही किंमतही मोजली गेली, ती लपवू नये.

२७ डिसेंबर १९४९ ला सत्तांतर झालं. मात्र हेगच्या गोलमेज परिषदेत इंडोनेशियाच्या गळ्यात ४.३ अब्ज गिल्डरचं (डच चलनातलं) कर्ज घातलं गेलं. आमच्याविरुद्धच्या लढाईचा खर्च आम्ही का द्यायचा, हा त्यांच्या प्रतिनिधींचा सवाल होता. पश्चिम न्यू गिनीही डचांनी स्वतःकडेच ठेवलं. उरलेलं कर्ज इंडोनेशियाने १९५६ मध्ये झुगारलं. आणि १७ ऑगस्ट १९४५ हाच स्वातंत्र्याचा दिवस आहे, हे पूर्णपणे मान्य करायला डच पंतप्रधानांना २०२३ उजाडावं लागलं.