आपल्याच माणसांत कसली आली गुप्तता!

एखाद्या ज्ञातिसंस्थेच्या किंवा वैद्यकीय साहाय्य निधीच्या कार्यकारिणीवर आपली नुकतीच बिनविरोध निवड झाली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. यापुढे अडलेली माणसे आपल्याकडे अर्ज घेऊन येतील आणि आपले आजार, आपली कर्जे, मुलाची सुटलेली नोकरी असा सगळा ऐवज झेरॉक्स काढून, स्वाक्षांकित करून आपल्या टेबलावर ठेवतील. या ऐवजाचे काय करावे, याबद्दल नवे कार्यकर्ते गोंधळलेले असतात; काही तर ते कागद कपाटात ठेवून वर कुलूप लावण्यापर्यंत मजल मारतात. असा अघोरी प्रकार आपल्या हातून घडू नये, म्हणून हे चार शब्द. माझा अधिकार विचाराल, तर गेल्या महिन्यात माझ्या आत्याने अशाच एका संस्थेकडे मदतीचा अर्ज केला होता, एवढाच.

सुरुवात अर्जापासून करावी. पाच हजार रुपयांच्या मदतीसाठी किमान अकरा कागद मागावेत: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची दोन्ही पाने, घरातल्या प्रत्येकाचे आधार कार्ड, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, विजेचे बिल, तपासण्यांचे सर्व अहवाल, रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक आणि दोन आजीव सभासदांची शिफारस. सासूच्या उपचारासाठी सुनेचे आधार कार्ड कशाला, असे कोणी विचारल्यास 'फॉर्ममध्ये आहे' हे उत्तर पुरेसे असते. बारापैकी पहिले आठ अंक झाकलेले आधार कार्ड प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते. ते कोणी आणलेच, तर 'यात नंबर दिसत नाही' असे सांगून परत पाठवावे.

छाननी समितीने मुलाखती सभागृहाचे दार उघडे ठेवून घ्याव्यात, म्हणजे बाहेर बाकावर बसलेल्या पुढच्या अर्जदारांनाही तयारी करता येते.

निकाली निघालेल्या अर्जांचे पाठकोरे कागद अजिबात वाया घालवू नयेत. कोजागरीच्या जेवणाची कूपने त्यावर फार छान छापून येतात.

शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांची गुणपत्रिका, शाळा, तुकडी आणि आई-वडिलांचा व्यवसाय फोटोखाली ठळक छापावा, कारण आई लोकांकडे घरकाम करते हे वर्गातल्या मुलांना एरवी कसे कळणार?

आता मुख्य विषय, म्हणजे व्हॉट्सॲपचा गट. अर्ज आला की सर्व कागद मोबाइलवर स्कॅन करून त्यांची एकच फाइल करावी आणि 'सर्वांनी यथाशक्ती सहकार्य करावे' अशा मजकुरासह ती सभासदांच्या गटावर टाकावी. आमच्या सचिवांनी नेमके हेच केले. सतरा पानांची ती फाइल सहाशे बारा सभासदांच्या गटावर आली तेव्हा मी बसमध्ये होतो. आत्याला स्तनाचा कर्करोग झाला आहे, हे मला तिथे कळले. तिने ते आम्हां भाच्यांपैकी कोणालाही सांगितले नव्हते, तिच्या सख्ख्या भावालाही नाही. योग्य वेळी, स्वतःच्या तोंडाने सांगायचे म्हणून तिने ते जपून ठेवले होते. बाराव्या पानावर बायोप्सीचा अहवाल होता. त्याखाली पाच मिनिटांत चाळीस जणांनी हात जोडल्याची चिन्हे पाठवली, एका माजी अध्यक्षांनी फाइल न उघडताच 'हार्दिक अभिनंदन' लिहिले, आणि दुसऱ्या एका काकांनी बायोप्सीत नेमके काय निघाले यावर शंका विचारली. अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या शरीराविषयी, सहाशे बारा माणसांसमोर, भर दुपारी.

त्यानंतर फोन सुरू झाले, कारण मोबाइल क्रमांकही पहिल्याच पानावर होता. पपईच्या पानांचा रस सांगणारे, गोमूत्र सांगणारे, 'केमो अजिबात घेऊ नका, आमच्या साडूंचे काय झाले ऐका' असे म्हणून साडूंचे मरण सविस्तर ऐकवणारे, आणि तिसऱ्या दिवशी 'तुमच्या खात्याचे केवायसी बाकी आहे' असे म्हणत तिच्या आधारचे अंक तिलाच घडाघडा म्हणून दाखवणारा एक अतिशय नम्र तरुण. आत्याने ओटीपी दिला नाही, हे तिचे शहाणपण. संस्थेने मात्र बाकी सर्व तयारी करून ठेवली होती.

इतक्यावर भागले असते तरी मी हा लेख लिहिला नसता. याच संस्थेचे वधू-वर सूचक केंद्र आहे आणि त्यात माझ्या आतेबहिणीचे नाव आहे. तिची जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, पगार, सदनिकेचा क्रमांक आणि मोबाइल हे सर्व मेळाव्यात दोनशे रुपयांना मिळणाऱ्या सूचीत छापलेलेच होते; त्याला आता आईच्या आजाराची जोड मिळाली. दोन्ही कागद एकाच आडनावाचे, एकाच पत्त्याचे, आणि आपल्या लोकांची स्मरणशक्ती अशा बाबतीत कमालीची तल्लख असते. आठवड्यापूर्वी अठ्ठावीस गुणांनी जुळलेली पत्रिका चौथ्या दिवशी 'पुन्हा पाहिली असता जुळत नाही' असा निरोप आला. कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारला नाही. ती सभ्यता त्यांनी पाळली.

फाइल गटावर आली त्याच संध्याकाळी मी सचिवांना फोन करून ती काढायला सांगितली होती. ते मनापासून दुखावले. 'अहो, आपल्याच माणसांचा गट आहे हा. आपल्यांत कसली आली गुप्तता? उलट काकूंसाठी एकवीसशे रुपये जास्तीचे जमले!' नव्या कार्यकर्त्यांनी हे उत्तर पाठ करून ठेवावे.

एखादा चिकित्सक सभासद कायद्याचे सांगू लागेल. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला, असे तो म्हणेल. त्याला चहा द्यावा. एचआयव्हीबाधित व्यक्तीची माहिती तिच्या संमतीवाचून उघड करण्यास २०१७ च्याच एका स्वतंत्र कायद्याने मनाई आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार ज्या कामासाठी संमती दिली त्याच कामासाठी माहिती वापरता येते, हेही तो सांगेल. माहिती सुरक्षित न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे ऐकून खजिनदारांना हसू येणे स्वाभाविक आहे, कारण संस्थेची शिल्लक दोन लाख चाळीस हजार आहे. शिवाय या कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले असून त्यातील मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. तेव्हा मुदत संपण्यापूर्वी उरलेले अर्ज गटावर टाकून घ्यावेत.

मात्र गोपनीयता या मूल्याची आपण सर्वस्वी उपेक्षा करता, असा आरोप कोणी करू नये, म्हणून ती योग्य ठिकाणी कडकपणे पाळावी. वार्षिक अहवालात मदत घेणाऱ्यांची नावे, गावे, आजार आणि रकमा चार रकान्यांत छापाव्यात. देणाऱ्यांपैकी ज्यांना हवे त्यांच्यापुढे 'एक हितचिंतक' एवढेच लिहावे. घेणाऱ्याला शाल-श्रीफळासह मंचावर बोलावून धनादेश छातीशी धरून उभे करावे आणि छायाचित्रकाराचे समाधान होईपर्यंत हलू देऊ नये. गुप्तदानाची परंपरा थोर आहेच. गुप्त घेण्याची मात्र आपल्याकडे सोय नाही. आणि कोणी लेखापरीक्षित हिशेब मागितला, जो धर्मादाय आयुक्तांकडे सादर करणे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानेच सक्तीचे आहे, तर 'ती कागदपत्रे गोपनीय आहेत' असे गंभीर चेहऱ्याने सांगावे. मला हे उत्तर याच सचिवांकडून, त्याच फोनवर मिळाले.

हे असे तिरके लिहिण्याचा मला आता कंटाळा आला आहे.

सचिवसाहेब, तुमच्या छाननी समितीला आत्याचे नाव कळण्याची गरजच नव्हती. 'अर्ज क्रमांक १४, कर्करोग, वार्षिक उत्पन्न इतके' एवढ्यावर निर्णय झाला असता. पैसे परस्पर रुग्णालयाच्या खात्यावर भरता आले असते. अहवालात 'कर्करोग: रुग्ण सात, एकूण रक्कम अमुक' असे छापले असते, तर देणगीदारांचे काही बिघडले नसते. लोखंडी कपाट तुमच्या कार्यालयात आहे, त्यात ढाल आणि चषक ठेवले आहेत. एक खण रिकामा करून किल्ली एकाच माणसाकडे ठेवायची होती. याला संगणकतज्ज्ञ लागत नाही, लाज लागते. तुमच्या घरातल्या कोणाचा बायोप्सीचा अहवाल तुम्ही असा टाकला असता का? तुमच्या सूनबाईंच्या बाळंतपणाची बातमीसुद्धा तुम्ही बारसे ठरेपर्यंत गटावर येऊ दिली नव्हती, हे मला आठवते. म्हणजे गुप्तता तुम्हाला उत्तम कळते. ती पाच हजार रुपये मागायला आलेल्या बाईलाही लागू असते, एवढेच तुमच्या डोक्यात शिरत नाही.

आत्याच्या केमोची चार आवर्तने अजून बाकी आहेत. दुसऱ्या हप्त्यासाठी अर्ज कर म्हणालो, तर तिने उत्तर न देता हातातल्या दोन पाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या.

गटावर टाकलेली फाइल सर्वांसाठी पुसण्याची मुदत दोन दिवस आणि काही तासांचीच असते. मी फोन केला तेव्हा ती मुदत शिल्लक होती. तुम्ही 'उद्या बघतो' म्हणालात आणि मग वधू-वर मेळाव्याच्या गडबडीत अडकलात. आता ती तुम्हालाही पुसता येत नाही. तेव्हा एकेका सभासदाला फोन करा आणि आपापल्या मोबाइलमधून ती काढून टाकायला सांगा. सहाशे बारा फोन आहेत. यादी तुमच्याकडे आहेच, क्रमांकांसकट.