हर्शीचा हॉकी संघ ही चॉकलेटची जाहिरात नव्हे

मार्केटिंगचे धडे देणाऱ्या मंडळींची एक लाडकी गोष्ट पुन्हा फिरते आहे. ती अशी: 1930 च्या दशकातल्या मंदीत हर्शी कंपनीचं चॉकलेट खपेना, म्हणून मालकाने आइस हॉकीचा संघ काढला, त्याला चॉकलेटच्या बारचं नाव दिलं, खप वाढला. कंपनीची ती जाहिरात आजही चालू आहे, एरवी दुय्यम लीगमधल्या संघाला विचारतो कोण?

न्यू जर्सीकडच्या आपल्या मंडळींची हर्शी पार्कची सहल ठरलेली असते, त्यामुळे ही गोष्ट सहज पटते. पण 'खपेना' इथपासूनच ती घसरते. मंदीतही ही कंपनी नफ्यात होती. त्या काळात तिचे संस्थापक मिल्टन हर्शी यांनी पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या आपल्या गावात बांधकामांचा सपाटाच लावला, कारण लोकांच्या हाताला काम हवं होतं. त्यातलंच एक हॉकीचं स्टेडियम. अँटन टेडेस्को या अभियंत्याने त्यावर काँक्रीटच्या पातळ कवचाचं छत घातलं. मधे एकही खांब नाही, आसनं सात हजारांवर. डिसेंबर 1936 मध्ये ते खुलं झालं. 

खेळ संघाच्या आधीच गावात आला होता. फेब्रुवारी 1931 मध्ये बाहेरच्या दोन संघांचा प्रदर्शनीय सामना इथे झाला आणि 1932 मध्ये गावाचा स्वतःचा संघ उभा राहिला.

नावाची गोष्ट मात्र खरी, अर्धी. पहिलं नाव 'बार्स' होतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'बी'नंतर एक अपॉस्ट्रॉफी घालून (B'ars) चॉकलेटचा बार आणि अस्वल, दोन्ही एका शब्दात बसवले होते. ही उघड जाहिरातच होती, नाकारायचं कारण नाही. पण न्यूयॉर्कच्या क्रीडापत्रकारांनी 'हे फार धंदेवाईक झालं' म्हणून नाकं मुरडली आणि 1936 मध्ये संघ साधा 'बेअर्स' झाला. ज्या क्लृप्तीचे गोडवे गायले जातात ती चार वर्षंच टिकली. गोष्ट सांगणारे नेमके इथेच थांबतात.

'आजही कंपनीची जाहिरात' हे तर कागदावरही टिकत नाही. चॉकलेटचा धंदा आणि गावाचा कारभार यांची फारकत 1927 मध्येच झाली. संघ आज ज्या कंपनीकडे आहे ती गावातलं पार्क आणि हॉटेलं चालवते. तिची मालकी एका ट्रस्टकडे आहे, आणि हा ट्रस्ट मिल्टन हर्शी यांनी गरजू मुलांसाठी काढलेल्या शाळेचा आहे. चॉकलेट कंपनीतही या ट्रस्टचा वरचष्मा आहे, म्हणून नातं आहे; पण ते चुलत घरासारखं.

राहिलं 'दुय्यम'. संघ ज्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये खेळतो ती एनएचएल या सर्वोच्च हॉकी लीगच्या एक पायरी खाली आहे, आणि आज बऱ्याच खेळाडूंचे करार एनएचएलमधल्या वॉशिंग्टन कॅपिटल्स या संघाशी असतात, हे खरं. पण बोस्टन, पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, कोलोरॅडो असे जोडलेले वरच्या लीगमधले संघ बदलत गेले, हर्शी जागचा हलला नाही. या लीगमधले बरेच संघ काही वर्षांनी गाव बदलतात. बेअर्स 1938 मध्ये या लीगमध्ये आले तेव्हापासून तिथेच आहेत आणि त्यांनी 2024 पर्यंत 13 वेळा या लीगचा कॅल्डर चषक जिंकला. 1988 मध्ये तर बादफेरीचे बाराच्या बारा सामने जिंकून.

आणि दुय्यम लीग म्हणजे टाकाऊ खेळाडू, असं वाटत असेल तर? 2010 मध्ये जॉन कार्लसन, ब्रेडन होल्टबी आणि जे बीगल हर्शीच्या विजेत्या संघात होते. 2018 मध्ये वॉशिंग्टनने एनएचएलचा स्टॅनली चषक उचलला तेव्हा हे तिघंही त्या संघात होते. प्रशिक्षक ब्रूस बूड्रो 2006 मध्ये हर्शीला चषक देऊन पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनला गेले आणि पहिल्याच हंगामात एनएचएलचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले.

आता गंमत बघा. या हर्शी कंपनीने देशभर ग्राहकांसाठी जाहिराती करायला सुरुवात केली ती थेट 1970 मध्ये. तोवर बेअर्सचे चार चषक जिंकून झाले होते.