ललिता पवारांच्या नावानं फिरणारा मेसेज: किती खरं, किती थापा

वेंगुर्ल्याच्या आमच्या आतेला हा मेसेज फॅमिली ग्रुपवर आला. तिच्या तोंडावरून मागच्या पावसात वारं गेलंय, एक बाजू अजून नीट हलत नाही, आणि मेसेजात काय, तर जुन्या सिनेमातल्या नटी ललिता पवार मालवणच्या, नट भगवानदादांनी खुन्नस काढून त्यांच्या कानफटात मारली, डोळा वाकडा झाला, तीन वर्षं काम नाही, मग "चेहऱ्यावरच पाप दिसायचं" म्हणून जन्मभर दुष्ट बाईचेच रोल, आणि त्याच कर्मानं शेवटी एकट्या मेल्या. आतेनं फोन करून विचारलं, "ह्यां खरां काय रे?"

मालवणचं आधी संपवतो. त्या नाशिककडच्या येवल्याच्या, जन्म १९१६.

थप्पड खरी आहे, तेवढं मान्य करावंच लागतं. १९४२ साली शूटिंगमध्ये भगवानदादांचा हात जोरात बसला, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. पण थप्पड सीनमध्येच होती, ती नको तेवढी लागली. खुन्नस कुठनं आणली?

तीन वर्षं काम नाही म्हणे. प्रभात फिल्म कंपनीचा 'रामशास्त्री' १९४४ चा, त्यात आनंदीबाई ललिताबाईच आहेत. १९४२ मध्ये तीन मिळवले की किती होतात ते बघा आणि मग लिहा.

आता ते पाप. ह्यानं माझं खरंच डोकं फिरलं. खाष्ट सासू त्यांनी भरपूर केल्या, रामायण सिरियलमधली मंथराही केली, ते कोण नाकारतंय? पण 'श्री ४२०' मधली केळी विकणारी गंगामाई कोण होती? 'अनाडी' मधली मिसेस डिसा, वरनं ओरडणारी आणि आतनं राज कपूरवर पोटच्या पोरासारखी माया करणारी, तिच्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. डिसा आडनाव आमच्या किनाऱ्यावर घरचंच, आणि अशी ओरडून जेवायला घालणारी बाई इथं प्रत्येकानं बघितलीय. 'आनंद' मधली मेट्रन पण त्याच. डोळा तिन्हीकडे तोच आहे ना? मग पाप कुठं गेलं? मूकपटाच्या काळापासून काम केलेली बाई, तो बारीक डोळा कधी धाक घालायला वापरला, कधी माया दाखवायला, ह्याला अभिनय म्हणतात. आमच्याकडे जत्रेत रात्रभर दशावतारात राक्षस झालेल्या माणसाला सकाळी कोण पापी म्हणत नाही, त्याला बोलवून चहा देतात.

आणि तोंड वाकडं होतं ते चेहऱ्याच्या नसेच्या नाहीतर मेंदूच्या आजारानं किंवा इजेनं. आतेच्या डॉक्टरांनी सांगितलंय की तिची नस सुजलीय, अशी बरीच माणसं काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत सुधारतात. तिला व्यायाम करायचाय, आणि हा मेसेज वाचल्यापासून ती पदर तोंडावर घेऊन बसायला लागली. पाठवणाऱ्यांना ह्याचं काहीच वाटत नाही?

राहिलं मरणाचं. १९९८ च्या फेब्रुवारीत पुण्यात औंधच्या घरी त्या गेल्या तेव्हा घरात कोणी नव्हतं, नवरा हॉस्पिटलात होता, हे खरं. त्याला कर्म म्हणायचं असेल तर आमच्या वाडीत या, मुलं मुंबईला आणि म्हातारी माणसं एकेकटी, अशी किती घरं दाखवू? त्या सगळ्यांनी कुठल्या सिनेमात सुनांना छळलं होतं?