मासळी घ्यायची की शूटिंग बघायचं?

रविवारी सकाळी पणजीच्या मार्केटात जायचं म्हटलं की आधीच डोकं फिरतं. पाय ठेवायला जागा नाही, खाली ओली फरशी आणि त्यात ही नवी जमात, रीलवाले! दोन रांगांमधली वाट जेमतेम दीड हात. तिथेच मधोमध उभं राहून एकजण फोनशी बोलतोय, "हाय गाइज!" मागे आम्ही दहाजण पिशव्या सावरत खोळंबलेलो.

परवा तर कहरच झाला. इसवणचा, म्हणजे सुरमईचा भाव ठरला, मासळीवाली बाय सुरी उचलणार, एवढ्यात एक बाई मध्येच घुसली. मासा दोन्ही हातांनी उचलला, गालाजवळ धरला, तीन फोटो काढले आणि परत आपटला. घेतलं काय? काही नाही. वर "ईऽऽ, किती वास!" मासळी मार्केटात काय मोगऱ्याचा वास यायला हवा होता? आणि बायनं बघितलं माझ्याकडे, जणू मीच तिला घेऊन आलो होतो.

पुढे काणकोणच्या खोला गावच्या लाल मिरचीच्या ढिगाशी तेच. हिला २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हे कॅमेऱ्याला ओरडून सांगणार. घेणार किती? दोन मिरच्या. त्याही फुकट.

पावसाळ्यात ट्रॉलर ६१ दिवस बंद, मासळी कमी, भाव आभाळाला. तेव्हा तरी थांबतील? छे! उघड्या छत्र्या घेऊन आत येतात आणि गळणारं टोक नेमकं माझ्या मानेवर. एकदा वैतागून नुसते खारे बांगडे घेऊन घरी आलो. आई म्हणाली, "दोन तास लावलेस नी हे हाडलंस?"